पांढरी तीन ते काळी एक: एका जुन्या रॉक बँडच्या नव्या अल्बमची गोष्ट

या बँडचं नाव मी इथे लिहिणार नाही. घडलं ते सगळं लिहायचं, पण नाव झाकायचं, या अटीवर चौघांनी मला परवानगी दिली. मी त्यांचा रेकॉर्डिस्ट. नऊ गाण्यांचा अल्बम, एक पावसाळा आणि पुढचे काही महिने, एवढ्या काळात जे बिघडलं आणि जे सुधारलं ते मी कन्सोलच्या मागे बसून पाहिलं. त्यातली एक मोठी चूक माझीही होती.

बँड नव्वदच्या दशकातला. फोंड्यात कॉलेजला असताना चौघे जमले. गोव्यात त्या वेळी बँड म्हटला की लग्नाचा हॉल किंवा चर्चचं फेस्त, आणि गाणी इंग्रजी, कोंकणी, एखादं पोर्तुगीज. मराठी घरातली मुलं भजनात, नाटकात किंवा दशावतारात दिसायची. हे चौघे दोन्हीच्या मधे उभे राहिले: गिटार जोराची, शब्द मराठी, आणि चालीत आडून आडून आरतीचा आणि पदांचा वास. एक कॅसेट निघाली, एक सीडी निघाली, आणि मग पोटापाण्याने चौघांना चार दिशांना नेलं. गायक, ज्याला आम्ही सगळे भाई म्हणतो, पेडण्यात शिक्षक झाला. गिटारवाला मुंबईला गेला, ड्रमर वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला लागला आणि बासवाला तारवटी झाला. वर्षातले आठ-नऊ महिने बोटीवर, उरलेले घरी.

इतक्या वर्षांनी नवा अल्बम काढणं जगावेगळं नाही. मुंबईच्या इंडस क्रीड या रॉक बँडने 1995 नंतर थेट 2012 मध्ये पुढचा अल्बम काढला होता. घरी रेकॉर्ड करणंही गोव्याला नवं नाही. रेमो फर्नांडिसने 1984 चा पहिला अल्बम शिवोलीच्या घरात 4 ट्रॅकच्या यंत्रावर एकट्याने उभा केला. तेव्हा मोठा स्टुडिओ परवडत नाही याचं आम्हाला फारसं दुःख नव्हतं. भाईचं पेडण्याचं वडिलोपार्जित घर होतं: चिऱ्यांच्या जाड भिंती, मधे चौक, वर मंगळुरी कौलं. बासवाला जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत घरी असणार होता, म्हणून भर पावसाळ्यात काम धरलं.

कौलांवर पाऊस पडतो तेव्हा आत माइक उघडा ठेवता येत नाही. जोराच्या गिटारला आणि ड्रमला ते खपून जातं, गळ्याला नाही. शिवाय मोपाचा विमानतळ 2023 च्या जानेवारीत सुरू झाल्यापासून पेडण्यात रात्रीची शांतता पूर्वीसारखी राहिलेली नाही. म्हणून गाणं आतल्या बाळंतिणीच्या खोलीत घ्यायचं ठरलं. तिला एकच लहान खिडकी आणि वर लाकडी माळा. भिंतींना गोधड्या टांगल्या आणि खोली छान मुकी झाली. व्होल्टेज खालीवर व्हायचं म्हणून स्टॅबिलायझर आणि यूपीएस आणले. हवेतल्या दमटपणाने गिटारच्या माना फुगायच्या, म्हणून रात्री वाद्यं पेटीत, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. हे सगळं आम्ही नीट केलं, आणि वाटलं की कठीण भाग संपला.

जूनमध्ये ड्रम, बास आणि गिटार झाली. सुंदर झाली. नऊपैकी सहा गाणी ई मायनरमध्ये होती, म्हणजे आपल्या पेटीच्या (हार्मोनियमच्या) भाषेत पांढरी तीन. गिटारवर हे साहजिकच आहे. सहा तारांतली सगळ्यात जाड आणि सगळ्यात बारीक, दोन्ही मोकळ्या वाजवल्या की ई वाजतो. बोट न लावता जी तार वाजते ती सगळ्यात मोठ्याने आणि सगळ्यात लांब घुमते. म्हणून पुष्कळसं रॉक संगीत ई आणि ए मध्ये असतं. तिथे पट्टी, म्हणजे गाण्याचा आधारसूर, गिटार ठरवते आणि गायक तिच्यामागून जातो. विशीतल्या गळ्याला ते जमतंही.

जुलैत भाईचं गाणं सुरू झालं आणि काम थांबलं.

पहिल्याच गाण्याचं ध्रुवपद तार पंचमापर्यंत, म्हणजे वरच्या सप्तकातल्या पंचमापर्यंत, चढत होतं. पांढरी तीनचा तार पंचम म्हणजे साधारण 494 हर्ट्झ. अंतरा भाई सुरेख म्हणायचा. जाड, थोडा खरखरीत, शब्दाशब्दाला वजन. मग ध्रुवपद यायचं. मी काचेपलीकडून नाही, त्याच खोलीच्या दाराशी बसून ऐकत होतो, म्हणून मला त्याचा चेहराही दिसायचा. सूर यायच्या दोन मात्रा आधीच त्याचे खांदे वर जायचे, हनुवटी उचलली जायची, मानेची शीर उभी राहायची. सूर कधी लागायचा, कधी पाव सुराने खाली राहायचा, आणि लागला तरी त्याच्यात भाई नसायचा, नुसती ओढ असायची. एका रविवारी आम्ही त्या एका ओळीचे 31 टेक घेतले. एकतिसाव्यानंतर गिटारवाला एवढंच म्हणाला, "भाई, उद्या सकाळी बघूया. पावसाने घसा धरलाय तुझा."

पावसाने काही धरलं नव्हतं. आम्हा सगळ्यांना ते कळत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. वयाने मोठा, बँड ज्याच्यामुळे उभा राहिला, ज्याच्या घरात आपण जेवतोय, त्याला "तुझा आवाज आता तिथे जात नाही" हे कसं सांगायचं? मीही सांगितलं नाही. त्याऐवजी रेकॉर्डिस्ट जे करतात ते केलं. 31 टेकमधून एकेक अक्षर वेचून ओळ जोडली आणि जिथे सूर खाली होता तिथे सॉफ्टवेअरने वर उचलला. कागदावर ओळ बिनचूक झाली. पण सॉफ्टवेअर सूर हलवतं, गळ्यावरचा ताण काढत नाही. ताणलेला आवाज अचूक सुरावर ठेवला तरी ताणलेलाच ऐकू येतो. भाईने हेडफोन लावून ती ओळ दोनदा ऐकली, हेडफोन काढून गुडघ्यावर ठेवले आणि म्हणाला, "हा मी नाही रे."

पुढचे पंधरा दिवस औषधात गेले. डॉक्टरांनी दुर्बिणीने घसा पाहिला. गाठ वगैरे काही नव्हती, थोडी सूज होती, पित्त वर येत होतं. रात्रीचं जेवण लवकर, तिखट कमी, बोलणं कमी. त्यांनी हेही सांगितलं की वयाबरोबर स्वरतंतू पूर्वीसारखे लवचिक राहत नाहीत आणि वरचे सूर आधी जातात. सूज उतरली. तार पंचम परत आला नाही. इकडे बासवाल्याच्या बोटीची तारीख जवळ येत होती.

मग चतुर्थी आली. गोव्यात चतुर्थीला काम थांबतं, यात चर्चा नसते. बँड आपापल्या घरी गेला. मी दुसऱ्या दिवशी भाईकडेच होतो. गणपतीच्या वर टांगलेल्या माटोळीला कांगलां, आंबाडे, नारळाची पेंड बांधलेली, समई तेवत होती, आणि वाड्यावरची मंडळी घुमट (मडक्याला कातडं लावलेलं तालवाद्य), शामेळ, कासाळें ही वाद्यं घेऊन आरत्यांना आलेली. आरत्या तासभर चालल्या. भाई सगळ्यांबरोबर ओरडून म्हणत होता, त्यातून काही कळण्यासारखं नव्हतं. मंडळी पुढच्या घरी गेल्यावर तो तिथेच भिंतीला पाठ टेकून बसला आणि कोणी न सांगता एक जुनं पद म्हणू लागला. पेटी नाही, तंबोरा नाही. आवाज त्या खोलीभर भरला. वर जाताना खांदे हलले नाहीत. पदात तार पंचम होता आणि तो हात उचलून फळ तोडावं इतक्या सहज लागला.

मी फोनवर रेकॉर्ड करत होतो, सवयीने. रात्री ट्यूनरवर लावून पाहिलं. त्याने नकळत धरलेला षड्ज होता काळी एक, म्हणजे सी शार्प. पांढरी तीनपेक्षा तीन अर्धसुरांनी खाली. त्या षड्जाचा तार पंचम 415 हर्ट्झला येतो. 494 आणि 415, एवढाच सगळा घोळ होता.

सकाळी मी त्याला ते दाखवलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका दशावतारात पेटी वाजवायचे. नाटक उभं राहायच्या आधी रंगायच्या खोलीत फिरून प्रत्येकाला विचारायचे, आज गळा कसा आहे, कुठल्या पट्टीत घेऊ? राजाला वेगळी, नारदाला वेगळी. मला कोणी विचारलंच नाही. मीही कधी सांगितलं नाही."

माझी चूक ती हीच. जूनमध्ये पहिला माइक लावायच्या आधी मी खोल्या मोजल्या, व्होल्टेज मोजलं, हवेतला दमटपणा मोजला. भाईला पेटीवर बसवून दहा मिनिटं गायला लावलं असतं तर पट्टी तेव्हाच कळली असती. तरुण बँडच्या बाबतीत पट्टी विचारायची गरज पडत नाही, म्हणून मला ती सवयच नव्हती. इतक्या वर्षांनी भेटणाऱ्या बँडमध्ये तोच पहिला प्रश्न असायला हवा होता, कारण गिटारची पट्टी तीस वर्षांत हलत नाही आणि गळ्याची हलते.

गिटारवाल्याने मात्र मान्य केलं नाही. त्याला हट्टी म्हणणं अन्यायाचं होईल, कारण त्याचं नुकसान खरं होतं. त्याचे सगळे रिफ, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणारे गिटारचे तुकडे, मोकळ्या ई तारेवर बांधलेले. तीन अर्धसूर उतरायचे म्हणजे एकतर रिफ मोडायचे, नाहीतर सगळी गिटारच उतरवायची. तो म्हणाला, "भाई चढायचा रे. मी ऐकलंय, कॅसेटमध्ये आहे." आणि त्याने खरोखरच आईच्या गोदरेजच्या कपाटातून ती पहिल्या तालमीची कॅसेट आणली.

ती आम्ही सगळ्यांनी ऐकली. विशीतला भाई चढत होता, आणि कसा चढत होता! लखलखीत, पातळ, धार असलेला आवाज. भाई मान खाली घालून ऐकत होता. मला मात्र ड्रमचा आवाज खटकला. झांजा फार बारीक वाजत होत्या आणि गाण्याची लय आमच्या जूनच्या रेकॉर्डिंगपेक्षा पुढे होती. कॅसेट कॉम्प्युटरवर घेतली आणि मागची घरघर तपासली. अँप्लिफायरमधून विजेची जी घरघर येते ती आपल्याकडे 50 हर्ट्झच्या आसपास असते. या टेपवर ती 53 ला होती. एकट्या घरघरीवर मी विसंबलो नसतो, कारण त्या काळी विजेची फ्रिक्वेन्सी आजच्याइतकी स्थिर नसायची. पण एका गाण्यात कॅसिओ कीबोर्डचा एक लांब सूर होता आणि तो कॅसिओ ड्रमरकडे अजून चालू आहे. पेटीला दमट हवा बाधते, कॅसिओला नाही. कॅसिओवरचा ए 440 वर, टेपवरचा तोच ए 466 वर. बरोबर एक अर्धसूर चढा.

कारण बासवाल्याला आठवलं. ती तालीम बॅटरीवरच्या टू-इन-वनवर (रेडिओ-कॅसेट रेकॉर्डरवर) घेतली होती, कारण प्लगला एकच बोर्ड होता आणि तो अँप्लिफायरनी भरलेला. सेल उतरलेले. कॅसेटची फीत सेकंदाला 4.76 सेंटीमीटर सरकायला हवी. मोटर मंद असताना ती साधारण साडेचार सेंटीमीटरने सरकली. मग चांगल्या डेकवर नेमक्या वेगाने लावली की सगळंच 6 टक्के जलद आणि अर्धा सूर वर. नुसता सूरच नाही, आवाजाचा पोतही पातळ आणि कोवळा होतो. मी टेप मूळ वेगावर आणून परत लावली. तोच भाई, पण जाडसर, खालचा, आजच्या भाईचा धाकटा भाऊ वाटावा असा. आणि पांढरी तीनच्या तार पंचमाला तेव्हाही त्याची मानेची शीर उभी राहत असणार, कारण सूर तेव्हाही किंचित खाली होता.

वर्षानुवर्षं भाई घरी एकटा त्या टेपच्या प्रतीबरोबर रियाज करत आला होता. जो आवाज त्याचा कधी नव्हताच, त्याच्याशी. हे कळल्यावर तो हसला नाही की रडला नाही. उठून चहा टाकायला गेला. गिटारवाला त्याच्या मागोमाग आत गेला. ते काय बोलले मला माहीत नाही. बाहेर आल्यावर गिटारवाल्याने माझ्याकडे पाहून विचारलं, "तारा कुठल्या लागतील?"

इथून पुढचं काम मला फार आवडलं. तार तीन अर्धसूर सैल केली की तिचा ताण सुमारे 29 टक्क्यांनी कमी होतो. 10 नंबरच्या तारांचा संच तसाच ठेवला तर तारा गिटारच्या मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवर आपटतात आणि जोरात मारल्या की सूर डोलतो. ताण परत आणायचा तर तार साधारण 19 टक्क्यांनी जाड हवी, म्हणजे 10 ऐवजी 12. बासला आणखी सोपी युक्ती आहे: पाच तारांच्या बासचा संच घ्यायचा, सगळ्यात बारीक तार बाजूला ठेवायची आणि उरलेल्या चार जाड तारा दोन-दोन अर्धसूर चढवून लावायच्या. सी शार्प, एफ शार्प, बी, ई. अडचण एवढीच की 130 नंबरची तार बासच्या वरच्या खाचेत बसत नाही. जेवणाच्या टेबलावर, वर्तमानपत्र पसरून, बासवाल्याने सोनाराकडून आणलेल्या बारीक कानशीने ती खाच रुंद केली. चार फेरे घासायचं, तार बसवून बघायची, फुंकर मारायची, परत चार फेरे. खाच जास्त खोल गेली तर तार कायमची खडखडते आणि मग तुकडाच बदलावा लागतो. दीड तास कोणी टेबलाजवळ गेलं नाही.

सॉफ्टवेअरने जूनची गिटारच तीन अर्धसूर खाली आणावी, असा एक शॉर्टकट होता. करून पाहिला. तारेवर पिकचा जो टोकदार आघात असतो तो चिखलात रुतल्यासारखा झाला. सोडून दिला. सगळी गिटार आणि सगळा बास नव्याने वाजवायचा ठरला. बासवाल्याकडे अकरा दिवस होते. त्याने सहा गाण्यांचा बास आठ दिवसांत संपवला.

खाली उतरल्यावर नवे प्रश्न आले. बासचा सगळ्यात खालचा सूर आता 35 हर्ट्झच्या खाली. तो फोनच्या स्पीकरमधून ऐकूच येत नाही. पण वरचे उपस्वर ऐकू आले तर कान मूळ सूर स्वतः भरून काढतो. म्हणून बासवर थोडी खरखर मुद्दाम चढवली. ड्रम आधीचे पाच गाण्यांत तसेच राहिले. उरलेल्यांत लय उतरवावी लागली, कारण खालच्या पट्टीत भाई शब्द सावकाश टाकू लागला. ओळीच्या शेवटी त्याला थांबावंसं वाटायचं आणि जुन्या लयीत तेवढी जागाच नव्हती. एका गाण्यात तर ध्रुवपदातला एक शब्द त्याने बदलला. विशीत लिहिलेला "पेटवीन" आता "पेटतं" झाला. मला विचाराल तर अल्बममधली सगळ्यात चांगली ओळ ती आहे.

ऑक्टोबरमध्ये, पाऊस थांबल्यावर, भाईने सहाही गाणी पाच संध्याकाळींत म्हटली. बहुतेक ओळी दुसऱ्या-तिसऱ्या टेकमध्ये. घुमट शेवटी लागलं, एकाच गाण्यात. पूर्वी घुमटाला घोरपडीचं कातडं असायचं. घोरपड 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित असल्याने आता बकऱ्याचं लावतात. ते दमट हवेत पटकन सैल पडतं. दर दोन टेकनंतर ते पिवळ्या बल्बखाली शेकवत होतो, आणि टणक बोल आला की धावत माइकपाशी.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. तीन गाण्यांचे शब्द एका जुन्या मित्राचे, जो बँड सोडून लंडनला गेला. तोंडी "घे रे, आपलंच आहे" यावर भागवू नका असं मी आग्रहाने सांगितलं. कॉपीराइट कायद्याच्या 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कायद्याने राखलेला आहे. त्यामुळे कोणाचे शब्द, कोणाची चाल, हे गाण्यागणिक लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या. अर्ध्या दिवसाचं काम होतं.

एक गाणं राहिलं. पहिल्या कॅसेटच्या काळातलं, कधी रेकॉर्ड न झालेलं, गिटारवाल्याचं सगळ्यात लाडकं. त्याचा रिफ मोकळ्या बारीक ई तारेवर आणि शेजारच्या तारेवर दाबलेल्या त्याच सुरावर चालतो. दोन तारा एकच सूर किंचित वेगळा वाजवतात आणि त्यातून एक चकाकी येते. काळी एकमध्ये, 12 नंबरच्या तारांवर, ती चकाकी गेली. वेगळ्या तारा लावून पाहिल्या, कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून पाहिला, दुसरी गिटार आणली. पांढरी तीनमध्ये गिटार जिवंत आणि भाई ताणलेला, काळी एकमध्ये भाई जिवंत आणि गिटार मेलेली. भाई म्हणाला, मी खालच्या सप्तकात म्हणतो. म्हटलंही, पण गाणं कुजबुजल्यासारखं झालं.

गिटारवाल्यानेच ते काढलं. त्याने यादीतल्या त्या ओळीवर रेघ मारली आणि अल्बम आठ गाण्यांचा झाला. त्या गाण्याचे ड्रम, बास आणि दोन गिटार जूनमधले, पांढरी तीनमधले, माझ्या डिस्कवर आहेत. मुंबईला परत जाताना त्याने त्यांची एक प्रत पेनड्राइव्हवर मागून घेतली.